संकेतस्थळांची वर्दी

ज्ञानाचीं साधनें वाढलीं म्हणजे ज्ञान वाढतेंच असें नाहीं. पुष्कळदां वाढते ती केवळ धांवपळ. घरांत एखादें मासिक येत असतें तेव्हां त्याचा नवा अंक निघाला कीं नाहीं हें विचारावयास कोणास छापखान्यावर खेटे घालावे लागत नाहींत. एकदां वर्गणी भरली कीं टपालवाला अंक आणून देतो. अंक उशिरा निघाला तर उशिरा येतो. पण तोंवर वर्गणीदाराचा वेळ कांहीं मोडत नाहीं. आज सुशिक्षित कुटुंबाचें बरेंचसें वाचन आंतरजालावर गेलें आहे, आणि तेथें ही साधी सोय असूनहि पुष्कळांस ती नसल्यासारखी झाली आहे.

एक घर डोळ्यांपुढें आणावें. आई बँकेंत अधिकारी आहे. तिला रिझर्व्ह बँकेचीं नवीं परिपत्रकें निघतांच पाहावीं लागतात. मुलगी पदार्थविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गांत आहे. तिला आपल्या विषयांतील नवे निबंध हवे असतात. वडिलांस गडकोटांचा नाद, म्हणून त्या विषयावर लिहिणारीं चारपांच संकेतस्थळें ते वाचतात. आणि आजोबांस एका सेवानिवृत्त शिक्षकाचें लिखाण फार आवडतें. ते शिक्षक वर्षांतून तीनचार वेळांच लिहितात. पण लिहितात तें जपून ठेवण्याजोगें असतें. या चौघांनीं करावें काय? रोज सकाळीं वीसपंचवीस संकेतस्थळें एकामागून एक उघडावीं, बहुतेक ठिकाणीं कालचेंच पान पाहावें, आणि हात हलवीत परतावें? आई परिपत्रकांसाठीं एवढा खटाटोप करील, कारण तो तिच्या कामाचा भाग आहे. आजोबा मात्र आठपंधरा दिवस जाऊन पाहतील, कांहीं नवें दिसणार नाहीं, आणि मग त्या शिक्षकांचें नांवहि हळूहळू विस्मरणांत जाईल. त्यांचा पुढचा लेख निघेल त्या दिवशीं तो वाचावयास आजोबा तेथें नसतील. लेखक आवडत असतांहि वाचकाची व त्याची अशी चुकामूक व्हावी, हें दोघांचेंहि नुकसान होय.

या अडचणीवर तीन उपाय सर्रास केले जातात. पहिला, प्रत्येक संकेतस्थळाला आपला ई-मेलचा पत्ता देऊन ठेवावयाचा. त्यानें नव्या मजकुराची बातमी येते खरी. पण तिच्याबरोबर जाहिराती येतात, सवलतींचीं आमिषें येतात, आणि एकदां दिलेला पत्ता पुढें कोणाकोणाच्या हातीं पडला हें कळावयास मार्ग राहत नाहीं. दुसरा उपाय समाजमाध्यमांचा. तेथें आवडत्या लेखकाच्या नांवापुढें एकदां खूण केली म्हणजे त्याचें सर्व लेखन समोर येईल अशी वाचकाची समजूत असते. परंतु काय आधीं दाखवावें, काय मागें ठेवावें आणि काय मुळींच दाखवूं नये हें त्या माध्यमाची मालक कंपनी ठरविते. तिसरा उपाय व्हॉट्सॲपचा. कोणी तरी कोणास तरी धाडलेला मजकूर हातोहात पुढें सरकत घरांत येतो. पण तो येईपर्यंत बहुधा त्याच्यावरील कर्त्याचें नांव गळलेलें असतें आणि तारीख पुसलेली असते.

चौथा उपाय या समाजमाध्यमांहून जुना आहे, फुकट आहे, आणि आजहि असंख्य संकेतस्थळांवर चालू आहे. तथापि त्याचें नांव पुष्कळ घरांत ठाऊक नाहीं. त्यास फीड असें म्हणतात. इंग्रजींत फीड म्हणजे भरविणें, पुरविणें. मराठींत त्याच्या कार्याला वर्दी हा शब्द चांगला शोभतो. कारण कांहीं नवें घडलें तर त्याची वेळच्या वेळीं खबर देणें एवढेंच त्याचें काम आहे.

फीड म्हणजे काय हें समजण्यासाठीं एका वाड्याचें चित्र मनांत आणावें. वाड्यांत नित्य कांहीं ना कांहीं चाललेलें असतें. मालकानें देवडीवर एक पाटी टांगली आहे. आंत नवें कांहीं घडलें कीं तो पाटीच्या वरच्या अंगास एक ओळ लिहितो: काय घडलें, केव्हां घडलें, आणि तें पाहावयाचें तर आंत कोणत्या दालनांत जावें. पाटीवर बहुधा दहापंधरा ओळींची जागा असते. नवी ओळ वर आली कीं तळची सर्वांत जुनी ओळ पुसली जाते. आतां एखाद्या गृहस्थास अशा पन्नास वाड्यांची खबर हवी आहे. तो स्वतः हिंडत नाहीं. तो एक गडी ठेवतो. गडी ठराविक वेळानें पन्नास देवड्यांवरून फेरी मारतो, पाटीवर नवी ओळ दिसली तर ती उतरून घेतो, आणि सर्व ओळी एका वहींत तारीखवार मांडून धन्यापुढें ठेवतो. धनी सवडीनें वही उघडतो, वाटेल त्या वाड्यांत जातो, वाटेल ती ओळ सोडून देतो. येथें वाडा म्हणजे संकेतस्थळ, पाटी म्हणजे फीड, आणि गडी म्हणजे फीड रीडर या नांवानें ओळखली जाणारी, संगणकावर वा मोबाइलवर चालणारी आज्ञावली.

या चित्रांतील दोन गोष्टी विशेष ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पाटी कोणाच्या घरीं चालत जात नाहीं. गडीच तिच्याकडे जातो. त्यामुळें वाड्याच्या मालकास धन्याचें नांव सांगावें लागत नाहीं, कीं पत्ता द्यावा लागत नाहीं. कंटाळा आला तर त्या वाड्याचें नांव गड्याच्या यादींतून खोडलें कीं संबंध संपला. यापुढें पत्रें पाठवूं नयेत अशी विनवणी कोणास करावी लागत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, गडी धन्याचा आहे. जुन्याच्या वर नवें, एवढा एकच साधा क्रम पाळणारा गडी निवडणें धन्याच्या हातीं असतें. असा गडी आपल्या मतानें ओळी गाळीत नाहीं, अथवा कोणी पैसे दिले म्हणून एखादी ओळ वर आणीत नाहीं.

ही पाटी प्रत्यक्षांत असते एक लहानशी फाइल. ती माणसानें वाचावी म्हणून नव्हे, तर यंत्रानें वाचावी म्हणून लिहिलेली असते. म्हणूनच कोणी ती चुकून उघडली तर टोकदार कंसांची गर्दी पाहून तो बिचकतो. तिची भाषा एक्स्. एम्. एल्. या नांवाची. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें ही भाषा १० फेब्रुवारी १९९८ रोजीं प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली. या भाषेंत प्रत्येक माहिती खुणेच्या दोन शब्दांमध्यें बंदिस्त करून ठेवतात, म्हणजे मथळा कोठें सुरू झाला व कोठें संपला हें यंत्रास निःसंशय कळतें. फीडच्या आरंभीं संकेतस्थळाचें नांव, पत्ता व थोडक्यांत वर्णन असतें. पुढें एकेका लेखाची नोंद येते: मथळा, लेखाचा पत्ता, सारांश अथवा सबंध लेख, प्रसिद्धीची तारीख व वेळ, आणि त्या लेखाची स्वतःची अशी एक ओळखखूण. ही ओळखखूण मोठ्या कामाची आहे. लेखकानें मागाहून मथळा सुधारला तरी खूण तीच राहते, म्हणून तोच लेख नवा समजून गडी पुन्हां वहींत उतरीत नाहीं.

गडी तासातासानें फेऱ्या मारूं लागला तर वाड्यांना त्याचा ताप होईल, अशी शंका येणें साहजिक आहे. तिच्यावरहि तोड काढलेली आहे. चांगली आज्ञावली संकेतस्थळास आधीं विचारते: अमुक वेळीं पाटी पाहिली होती; त्यानंतर कांहीं बदल झाला आहे काय? बदल नसेल तर संकेतस्थळ ३०४ हा संकेत परत पाठवितें. त्याचा अर्थ, बदल नाहीं. सबंध फाइल पुन्हां पाठविण्याचें कारणच पडत नाहीं. क्वचित् लिहिणाऱ्या शिक्षकाच्या दारीं गडी वर्षांतून हजारों वेळां जाईल, तितक्याच वेळां ३०४ ऐकून परतेल, आणि एके दिवशीं नवी ओळ घेऊन येईल. ज्या कामास माणूस कंटाळतो तें यंत्रानें न कुरकुरतां करावें, यासाठींच यंत्रें असतात.

या सोयीचा जन्म १९९९ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील नेटस्केप या कंपनींत झाला. निरनिराळ्या संकेतस्थळांचे मथळे वाचकास एकाच पानावर मांडून घेतां यावेत, असा तिचा हेतु होता. हा आराखडा बांधणाऱ्यांत डॅन लिबी यांच्याबरोबर रामनाथन् गुहा होते; गुहा हे मद्रासच्या आय्. आय्. टी. चे पदवीधर. या रचनेस आर्. एस्. एस्. असें नांव पडलें. या तीन अक्षरांचा मराठी कानास सवयीचा असलेला अर्थ येथें अर्थातच अभिप्रेत नाहीं. पण त्यांचा खरा अर्थ कोणता, याविषयीं जन्मदात्यांतच एकमत राहिलें नाहीं. प्रथम ‘आर्. डी. एफ्. साइट समरी’, त्याच वर्षींच्या जुलैंत ‘रिच साइट समरी’, आणि पुढें ‘रीअली सिंपल सिंडिकेशन’, म्हणजे अगदीं साधें वितरण, अशीं तीन नांवें त्याच अक्षरांना चिकटलीं.

नेटस्केपनें लवकरच या कामांतून अंग काढून घेतलें, आणि वारसांचें भांडण सुरू झालें. २००० च्या डिसेंबरांत एका मंडळानें आपली १.० ही आवृत्ति प्रसिद्ध केली. या मंडळांत ॲरन स्वार्ट्झ नांवाचा एक मुलगा होता. त्या वेळीं त्याचें वय अवघें १४ वर्षांचें. दुसऱ्या बाजूस डेव्ह वायनर यांनीं रचना साधी राखण्याचा आग्रह धरला, आणि २००२ च्या सप्टेंबरांत २.० ही आवृत्ति काढली. २००३ च्या जुलैंत तिचे हक्क हार्वर्ड विद्यापीठांतील बर्कमन केंद्राकडे सोंपविले गेले. तरीहि वाद मिटेना, म्हणून कांहीं मंडळींनीं त्याच सालीं पहिल्यापासून नवी रचना आंखावयास घेतली; तिचें नांव ॲटम. आंतरजालाचे नियम ठरविणाऱ्या आय्. ई. टी. एफ्. या संस्थेनें ती २००५ च्या डिसेंबरांत ४२८७ क्रमांकाच्या लेखानें प्रसिद्ध केली. सामान्य वाचकानें या भाऊबंदकींत पडण्याचें कारण नाहीं. आज बहुतेक गडी या सर्व प्रकारच्या पाट्या सारख्याच सहजतेनें वाचतात. या इतिहासांतून घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. जन्म देणारी कंपनी बाजूला झाली, वारस भांडले, तरी वस्तु जगली. कारण तिचा उपयोग करण्यास कोणा एकाची परवानगी लागत नव्हती. ज्याला वाटेल त्यानें पाटी लिहावी आणि ज्याला वाटेल त्यानें गडी तयार करावा, अशी ती मोकळी रीत होती.

नभोवाणीच्या श्रोत्यांना या रीतीचें एक अपत्य विशेष जवळचें वाटेल. २००० च्या अखेरीस वायनर यांनीं फीडमधील नोंदीला ध्वनिमुद्रणाचा पत्ता जोडण्याची सोय केली. पाटीवरील ओळीबरोबर एक ध्वनिमुद्रिकाच बांधून ठेवावी, तसा हा प्रकार. पॉडकास्ट या नांवानें आज घरोघर ऐकल्या जाणाऱ्या मुलाखती, व्याख्यानें व गोष्टी यांचा उगम तेथें आहे. ॲपल कंपनीनें २००५ च्या जूनमध्यें आयट्यून्समध्यें त्यांची सोय केली, आणि त्यांचा प्रसार झपाट्यानें झाला. ऐकणाऱ्यास ठाऊक नसलें तरी बहुतेक पॉडकास्टांच्या पाठीशीं आजहि तीच आर्. एस्. एस्. ची फाइल उभी असते. मध्यरात्रीं प्रसिद्ध झालेला नवा भाग सकाळीं मोबाइलवर हजर असतो, तो याच गड्यानें आणलेला.

मग इतकी उपयुक्त वस्तु मागें कां पडली? एक कारण असें कीं, पुष्कळांनीं एकाच गड्यावर विसंबून राहण्याची संवय लावून घेतली होती. गूगल कंपनीनें २००५ च्या ऑक्टोबरांत गूगल रीडर नांवाची आज्ञावली फुकट चालू केली. ती इतकी सोयीची होती कीं, फीड आणि गूगल रीडर ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत याचें भान पुष्कळांस राहिलें नाहीं. १३ मार्च २०१३ रोजीं कंपनीनें ती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, वापर घटल्याचें कारण दिलें, आणि १ जुलै २०१३ रोजीं ती बंद केली. त्याच वर्षीं ट्विटरनें, ज्याचें नांव आतां एक्स आहे, आपल्या फीड थांबविल्या. फायरफॉक्स या न्याहाळकानेंहि २०१८ च्या डिसेंबरांत अंगची फीड वाचण्याची सोय काढून टाकली. फीडचा काळ संपला, असा समज यावरून पसरला. वास्तविक गेला होता तो एक गडी. वाड्यांवरील बहुतेक पाट्या जशाच्या तशा टांगलेल्या होत्या. ज्यांनीं आपली यादी कंपनीकडून वेळेवर उतरवून घेतली त्यांनीं ती दुसऱ्या गड्याच्या हातीं दिली, आणि त्यांचें वाचन पूर्ववत् सुरू झालें. ज्यांनीं घेतली नाहीं त्यांना पन्नास नांवें पुन्हां आठवीत बसावें लागलें.

याच काळांत फीड या शब्दाचा अर्थहि पालटला. फेसबुकनें २००६ च्या सप्टेंबरांत न्यूज फीड चालू केली. नांव तेंच, पण व्यवस्था उलटी. तेथें गडी वाचकाचा नसतो, कंपनीचा असतो. आणि त्याचा पगार जाहिरातदारांच्या पैशांतून निघतो. म्हणून वाचक ज्यांत अधिक वेळ गुंतून राहील तें आधीं पुढें करण्याकडे त्याचा कल असतो. त्यांत कधीं वाचकाचा लाभहि होतो. न मागतां एखादी चांगली वस्तु पुढ्यांत येते. पण निवड कोणाची, हा प्रश्न उरतोच. घरांत रोज काय वाचलें जावें आणि कोणत्या बातमीनें दिवस सुरू व्हावा, हें ठरविण्याचा अधिकार लहानसहान नव्हे. तो विचारपूर्वक दुसऱ्यास देणें निराळें, आणि नकळत दुसऱ्याच्या हातीं गेलेला असणें निराळें.

आतां प्रत्यक्ष उपयोगाकडे वळावयाचें. प्रथम गडी निवडावा. गडी दोन प्रकारचे असतात. एक प्रकार आपल्याच यंत्रावर राहणारा. संगणकावर ई-मेल वाचण्यासाठीं वापरली जाणारी थंडरबर्ड ही आज्ञावली फीडहि वाचते. ॲपलच्या यंत्रांसाठीं नेटन्यूजवायर फुकट मिळते. दुसरा प्रकार आंतरजालावर राहणारा. फीडली, इनोरीडर, न्यूजब्लर हीं त्यांतील परिचित नांवें. पहिल्या प्रकारांत वाचनाची यादी घरांतच ठेवतां येते. दुसऱ्यांत ती एका कंपनीच्या दप्तरीं जाते, पण घरीं वाचलेला लेख कचेरींतील यंत्रावरहि वाचलेला म्हणून दिसतो. ज्याला जें अधिक मोलाचें वाटेल त्यानें तें पत्करावें.

मग पाटी शोधावी. पूर्वीं न्याहाळकांतच तिची एक नारिंगी खूण दिसत असे: कोपऱ्यांत एक ठिपका आणि त्यापासून निघालेल्या दोन कमानी, जणूं नभोवाणीच्या लहरीच. कांहीं संकेतस्थळांच्या तळाशीं ती खूण अजून आढळते. ती नसली तरी निराश होण्याचें कारण नाहीं. संकेतस्थळाचा साधा पत्ता गड्यास दिला तरी बहुधा पुरतें. कारण पानाच्या अदृश्य भागांत पाटीचा पत्ता लिहून ठेवण्याची चाल आहे, आणि गडी तो आपणच वाचतो. वर्डप्रेसवर चालणारें संकेतस्थळ असेल तर त्याच्या पत्त्याअखेर तिरपी रेघ देऊन फीड हा शब्द इंग्रजी अक्षरांत जोडला कीं बहुधा काम होतें. मराठींतील कितीतरी हौशी व अभ्यासू लेखन वर्डप्रेस व ब्लॉगर या दोन ठिकाणीं आहे, आणि दोहोंकडे फीड आपोआप तयार होते; लेखकास तिचें नांव ठाऊक नसलें तरी चालतें. आजोबांच्या आवडत्या शिक्षकांचें लिखाण अशा ठिकाणीं असेल, तर त्यांच्या दारावर पाटी केव्हांपासूनच टांगलेली आहे, असें समजावें.

सार्वजनिक संस्थांच्या पाट्याहि थोड्या नाहींत. रिझर्व्ह बँक आपल्या प्रसिद्धिपत्रकांची व अधिसूचनांची फीड देते. भारत सरकारचें पत्र सूचना कार्यालयहि देतें. पदार्थविज्ञान, गणित इत्यादि विषयांतील नवे निबंध ज्या ‘आर्काइव्ह’ नांवाच्या भांडारांत ठेवले जातात, त्याची विषयवार फीड आहे. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याकडून जगांतील भूकंपांची वर्दी मिळते. यूट्यूबवरील वाहिन्यांस फीड आहे. मराठी विकिपीडियांतील एखाद्या लेखांत कोणी फेरफार केला तर तोहि त्या लेखाच्या इतिहासाच्या फीडवरून कळतो. आपल्या गांवाविषयींचा वा एखाद्या आवडत्या ग्रंथकाराविषयींचा लेख कोणी बिघडवूं नये अशी ज्याला काळजी आहे, त्याला ही सोय फार उपयोगी पडते.

यादी करतांना हात आंखडता ठेवावा. नवा वाचक उत्साहाच्या भरांत पहिल्याच दिवशीं पन्नास नांवें घेतो, त्यांत दोन दैनिकें घालतो, आणि आठवड्यानें न वाचलेल्या नोंदींचा आंकडा हजाराच्या घरांत गेलेला पाहून आज्ञावलीच काढून टाकतो. दोष फीडचा नसतो, निवडीचा असतो. दैनिकाच्या नोंदी दिवसभर धो धो येतात. त्या लोंढ्यांत वर्षांतून तीनदां लिहिणाऱ्याची एक ओळ वाहून जाते. म्हणून दैनिकें या यादींत घालूंच नयेत, अथवा त्यांचा कप्पा निराळा ठेवावा. आरंभ दहा नांवांनीं करावा. रोज पाहावयाचें एका कप्प्यांत, सुटीच्या दिवशीं वाचावयाचें दुसऱ्यांत, अशी वांटणी केली म्हणजे मनास हुरूप राहतो. न वाचलेल्या नोंदी म्हणजे डोक्यावरचें कर्ज नव्हे. गांवाहून परतल्यावर साचलेला ढीग एका खुणेसरशीं वाचला असें म्हणून निकालांत काढतां येतो, आणि तसें करण्यांत कमीपणा नाहीं. जें नांव सहा महिने उघडून पाहावेंसें वाटलें नाहीं तें खोडून टाकावें. मात्र जेथें सहा महिने कांहीं आलेंच नाहीं तें नांव खोडूं नये. त्याचीच वर्दी मिळावी म्हणून तर गडी ठेवलेला असतो.

आणखी एक दक्षता घ्यावी. यादीची नक्कल घरीं ठेवावी. बहुतेक गडी ही यादी ओ. पी. एम्. एल्. नांवाच्या फाइलीच्या रूपानें देतात, आणि दुसऱ्यानें दिलेली घेतात. वर्षांतून दोनदां ती उतरवून ठेवण्यास चार मिनिटेंहि लागत नाहींत. २०१३ सालीं ज्यांचें वाचन तुटलें नाहीं, त्यांचें तें या फाइलीमुळें तुटलें नाहीं. हीच यादी मित्रास दिली तर तीहि एक चांगली भेट होते. परदेशीं शिकावयास निघालेल्या मुलामुलींना घरच्या मराठी वाचनाची यादी सोबत देतां येते.

फीडकडून भलत्या अपेक्षा मात्र करूं नयेत. कांहीं संकेतस्थळें पाटीवर सबंध लेख देतात. कांहीं पहिल्या दोनचार ओळीच देतात, कारण वाचकानें पानावर यावें आणि तेथील जाहिराती पाहाव्यात अशी त्यांची इच्छा असते. कांहींनीं पाटी टांगलेलीच नसते. जेथें वर्गणी भरल्याशिवाय वाचतां येत नाहीं, तेथें पाटीवर मथळा दिसला तरी लेखाचें दार बंदच असतें. पाटीवरील ओळ खरीच असेल याची हमी गडी देत नाहीं. ती कोणाच्या दारावरून आणली व केव्हां लिहिली होती, एवढेंच तो चोख सांगतो. तथापि कर्ता आणि तारीख ह्या दोन गोष्टी ठाऊक असणें म्हणजे खऱ्याखोट्याचा निवाडा करण्याची निम्मी वाट चालून जाणें होय. दुसरी मर्यादा सौजन्याची. फीडमधून आलेला लेख वाचावयास मोकळा असला तरी आपल्या नांवानें छापावयास मोकळा नसतो.

एक शब्द संस्थाचालकांसाठीं. ग्रंथालयें, व्याख्यानमाला, शाळा, नाट्यमंडळें यांनीं आतां आपापलीं संकेतस्थळें काढलीं आहेत, आणि कार्यक्रमांच्या सूचना तेथें लावण्याचा प्रघात पडत आहे. पण सूचना लावली आणि ती लागल्याची वर्दी दिली नाहीं, तर ती कुलूप लावलेल्या खोलींत चिकटविल्यासारखी होते. ज्यानें संकेतस्थळ बांधून दिलें असेल त्यास एवढेंच विचारावें कीं, येथील सूचनांची फीड निघते काय आणि ती कोठें मिळेल? अनेकदां ती निघतच असते; फक्त तिचा पत्ता पहिल्या पानावर दिलेला नसतो. तेवढा दिला तरी सभासद कोणत्या कंपनीच्या माध्यमावर आहेत वा नाहींत, याची संस्थेस काळजी करावी लागणार नाहीं.

फीड ही कांहीं चमत्काराची वस्तु नव्हे. तीस पंचवीसहून अधिक वर्षें होऊन गेलीं. ती दिसावयास साधी आहे, आणि तिची जाहिरात करण्यांत फारसा कोणाचा फायदा नसल्यामुळें ती फारशी कोणी केली नाहीं. परंतु तिच्या पोटीं एक जुनाच शहाणपणा आहे. काय वाचावयाचें हें वाचकानें ठरवावें; लेखकानें आपल्या सवडीनें लिहावें; आणि दोघांच्या मध्यें जो निरोप्या असेल त्यानें निरोप तेवढा जसाच्या तसा पोंचवावा. मोठ्या आवाजाच्या संकेतस्थळांस अशा निरोप्याची गरज नाहीं. तीं आपलें म्हणणें वाटेल तितक्या वेळां कानांवर घालूं शकतात. गरज आहे ती हळू बोलणाऱ्यांस आणि क्वचित् बोलणाऱ्यांस. ज्या घरांत अशा दहा जणांची यादी तयार आहे आणि जिची नक्कल कपाटांत ठेवलेली आहे, त्या घराचें वाचन त्या घराच्याच हातीं आहे असें म्हणावयास हरकत नाहीं.